विश्लेषण : जुने ग्राफिक्स कार्ड घेताना ‘डिस्प्ले येतो’ एवढे पुरेसे आहे का?

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, लग्नाचे व्हिडीओ एडिट करणारा व्यावसायिक, इमारतींचे थ्रीडी आराखडे करणारी तरुणी आणि गेमचा शौकीन यांच्यात एक गोष्ट समान असते. संगणक जुळवताना त्यांच्या खिशाला सर्वात मोठी कात्री ग्राफिक्स कार्डच लावते. त्यामुळे अनेक जण वापरलेल्या कार्डाकडे वळतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील नेहरू प्लेस, जाहिरातींची संकेतस्थळे आणि टेलिग्राम-फेसबुकवरील गट इथे रोज असे व्यवहार होतात. कार्ड जोडले जाते, पडद्यावर चित्र उमटते, विक्रेता म्हणतो ‘डिस्प्ले येतो, बघून घ्या’ आणि पैसे हातोहात जातात. हेच वाक्य या बाजारातील सर्वात महागडे वाक्य आहे. जुने कार्ड घेणे हा शहाणपणाचा व्यवहार ठरू शकतो. पण पूर्ण ताणाखाली अर्धा तास चालवून दाखवलेले आणि अनुक्रमांकासह कागदावर आलेले कार्डच घ्यावे. यातील एकही गोष्ट विक्रेता नाकारत असेल तर किंमत कितीही कमी असली तरी व्यवहार सोडून द्यावा.

‘डिस्प्ले येतो’ याचा नेमका अर्थ काय?

डेस्कटॉपचे साधे चित्र दाखवण्यासाठी कार्डाच्या क्षमतेचा अगदी किरकोळ भाग लागतो. अशा वेळी कार्ड जेमतेम काही वॅट वीज घेते. तेच कार्ड गेम किंवा रेंडरिंगला लावले की चित्र पालटते. आरटीएक्स ३०६० साठी ही मर्यादा १७० वॅट आहे, आरटीएक्स ३०८० साठी ३२० वॅट. एवढी वीज वाहू लागली की चिप तापते, मेमरी तापते, वीजपुरवठा सांभाळणारे भाग तापतात आणि कार्डातील खरे दोष तेव्हाच बाहेर येतात. सैल झालेला सांधा, वाळलेली थर्मल पेस्ट, खराब झालेली मेमरी चिप यांपैकी काहीही डेस्कटॉपवर दिसत नाही.

याचा फायदा दुरुस्तीच्या नावाखाली घेतला जातो. बंद पडलेले कार्ड हीट गनने किंवा ओव्हनमध्ये तापवले की काही वेळा ते पुन्हा सुरू होते. हा उपाय तात्पुरता असतो. काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत कार्ड पुन्हा बंद पडते. तोपर्यंत ‘डिस्प्ले येतो’ हे विधान खरेच असते.

मायनिंगला वापरलेले कार्ड घ्यावे का?

जुन्या कार्डाबद्दल सर्वात मोठी भीती हीच असते. कूटचलन इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ‘प्रूफ ऑफ वर्क’ ही पद्धत सोडून ‘प्रूफ ऑफ स्टेक’ स्वीकारली. त्या दिवसापासून ग्राफिक्स कार्ड लावून इथेरियम मिळवण्याचा मार्ग बंद झाला आणि मायनिंगला लावलेली कार्डे जगभरच्या बाजारात आली. आजही अनेक जाहिरातींत ‘नॉन मायनिंग’ असे ठळकपणे लिहिलेले असते. हा दावा खरा की खोटा हे सिद्ध करण्याचा कोणताही खात्रीचा मार्ग ग्राहकाकडे नाही. त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मायनिंगमध्ये कार्ड दिवसरात्र चालते हे खरे, पण ते बहुतेकदा कमी वीज देऊन आणि जवळपास स्थिर तापमानावर चालवले जाते. चिपच्या सांध्यांना सतत तापण्या-थंडावण्याचा ताण अधिक जाचतो. त्या मानाने स्थिर तापमान सुसह्य असते. मायनिंगमध्ये झिजतात ते पंखे, थर्मल पॅड आणि थर्मल पेस्ट. हे सर्व बदलता येते. अपवाद मेमरीचा. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० मधील जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच फार तापते. ३०९० मध्ये तर मेमरी चिप कार्डाच्या मागच्या बाजूलाही आहेत. या कार्डांत मेमरीचे तापमान तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उलट, मायनिंगचा वाराही न लागलेले एखादे कार्ड अधिक वाईट अवस्थेत असू शकते. कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत धूळ साचलेल्या कॅबिनेटमध्ये चार वर्षे काढलेल्या कार्डाच्या कडांवर गंज किंवा हिरवट थर दिसू शकतो. कार्डाचा इतिहास विक्रेता सांगतो. कार्डाची अवस्था चाचणीच सांगते.

नावावरून कार्ड ओळखता येते का?

सहसा नाही, आणि इथे फसवणुकीपेक्षा गैरसमजातून जाणारे पैसे अधिक आहेत. एकाच नावाखाली वेगवेगळ्या क्षमतेची कार्डे कंपन्यांनीच विकली आहेत. जीटीएक्स १०६० ची ६ जीबी आवृत्ती १,२८० कोरची, तर ३ जीबी आवृत्ती १,१५२ कोरची. आरटीएक्स ३०५० ची ८ जीबी आवृत्ती २,५६० कोरची, तर नंतर आलेली ६ जीबी आवृत्ती २,३०४ कोरची. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी आवृत्तीत मेमरीचा मार्ग १९२ बिटचा आहे, ८ जीबी आवृत्तीत तो १२८ बिटवर आणला गेला. एएमडीचे आरएक्स ५८० हे २,३०४ शेडरचे; पण ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ या नावाने आलेले कार्ड प्रत्यक्षात आरएक्स ५७० च्या क्षमतेचे आहे आणि जाहिरातीत शेवटचे आकडे हमखास गळतात. जीटी १०३० च्या डीडीआर४ आवृत्तीचा मेमरीचा वेग जीडीडीआर५ आवृत्तीच्या जवळपास एक तृतीयांश आहे.

यापलीकडे सरळ बनावटगिरी आहे. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय यांसारख्या खूप जुन्या कार्डांचे बायोस बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवली गेली. विंडोजमध्येही मग तेच खोटे नाव दिसते. हा प्रकार इतका वाढला की ‘जीपीयू-झेड’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २०१८ पासून बनावट एनव्हिडिया कार्ड ओळखण्याची सोय द्यावी लागली. असे कार्ड आढळले की नावापुढेच ‘फेक’ असा शिक्का येतो.

महागड्या कार्डांत आणखी एक प्रकार आला आहे. अमेरिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या चीनला होणाऱ्या निर्यातीवर निर्बंध आणले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी या चिपना मोठी मागणी असल्याने कार्डावरील मुख्य चिप आणि मेमरी काढून दुसऱ्या बोर्डावर बसवली जाऊ लागली. मागे उरलेला सांगाडा, पंखे आणि चकचकीत आवरणासह, पुन्हा बाजारात आला. बाहेरून अस्सल दिसणाऱ्या अशा कार्डात चिपच नसल्याचे दुरुस्ती करणाऱ्यांना उघडल्यावर आढळले. त्यामुळे ‘बंद आहे, किरकोळ दुरुस्ती लागेल’ म्हणून स्वस्तात मिळणारे महागडे कार्ड कधीही घेऊ नये.

चाचणी कशी करावी?

पहिला टप्पा नजरेचा. कार्ड बंद असताना उजेडात पाहावे. स्क्रूच्या खाचा झिजल्या आहेत का, पाते वाकले आहे का, सोनेरी पट्ट्यांवर जळाल्याचे डाग आहेत का, चिपभोवती चिकट पिवळसर थर आहे का हे तपासावे. स्क्रूवरचे सील तुटलेले असणे म्हणजे दोष नव्हे, पेस्ट बदलतानाही ते तुटते. मात्र कार्ड का उघडले होते याचे उत्तर मिळाले पाहिजे. वीज जोडणीची जागा काळजीपूर्वक पाहावी. आरटीएक्स ४०९० मधील नव्या १६ पिनच्या जोडणीचे प्लास्टिक वितळल्याच्या घटना २०२२ मध्ये समोर आल्या होत्या.

दुसरा टप्पा ओळखीचा. जीपीयू-झेड उघडून कोरची संख्या, मेमरीचा आकार व प्रकार आणि बिट हे तीन आकडे कंपनीच्या संकेतस्थळावरील माहितीशी ताडावेत. त्याच चौकटीत पीसीआयईच्या लेन दिसतात. १६ लेनचे कार्ड ताणाखालीही ८ किंवा ४ लेनवर चालत असेल तर कार्डात किंवा मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये गडबड असू शकते. आरएक्स ६६०० सारखी काही कार्डे मुळातच ८ लेनची आहेत, हेही लक्षात ठेवावे.

तिसरा आणि निर्णायक टप्पा ताणाचा. ‘फरमार्क’ दहा मिनिटे आणि त्यानंतर ‘सुपरपोझिशन’सारखी चाचणी किंवा एखादा जड गेम वीस मिनिटे चालवावा. शेजारी ‘एचडब्ल्यूइन्फो’ उघडे ठेवून तीन तापमाने पाहावीत : चिपचे, हॉटस्पॉटचे आणि मेमरीचे. चिप साधारण ८५ अंशांच्या आत राहायला हवी. चिप आणि हॉटस्पॉट यांतील फरक बहुतेकदा १०-१५ अंशांचा असतो. तो २५-३० अंशांवर गेला तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेले नाही. जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांच्या आसपास गेली की कार्ड स्वतःच वेग कमी करते. ती शंभरच्या खाली राहिलेली बरी. नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यातील खोलीत हे आकडे काही अंशांनी वाढणारच, तेवढी सूट द्यावी.

चौथा टप्पा मेमरीचा. ‘ओसीसीटी’मध्ये व्हीरॅमची स्वतंत्र चाचणी आहे. त्यात एकही त्रुटी चालत नाही. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकडी, रेषा किंवा क्षणभर काळा पडदा दिसला तर ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे’ हे स्पष्टीकरण स्वीकारू नये. ड्रायव्हर पुन्हा टाकून दाखवावा, एवढे सांगावे. शेवटी एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या सर्व जोडण्या एकेक करून तपासाव्यात आणि संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. कमी ताणावर पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नये. अनेक कार्डांत तशी सोयच असते. ताण आल्यावर सर्व पंखे फिरले आणि खरखर आली नाही, म्हणजे झाले.

या सगळ्याला पाऊण तास लागतो. ‘माझ्याकडे सध्या सिस्टिम नाही’ असे विक्रेता म्हणत असेल तर दोघांना सोयीच्या एखाद्या दुरुस्ती दुकानात थोडे शुल्क देऊन चाचणी करता येते किंवा ग्राहकाने स्वतःचे कॅबिनेट न्यावे. मात्र आपला एसएमपीएस त्या कार्डाला पुरेसा आहे ना, हे आधी पाहावे. अन्यथा चांगल्या कार्डावरही संगणक बंद पडेल आणि दोष कार्डाला जाईल.

बिल आणि वॉरंटीचे काय?

ग्राफिक्स कार्डांवर साधारण तीन वर्षांची वॉरंटी मिळते. ती कार्डासोबत नव्या मालकाकडे जाते की नाही हे कंपनीनुसार बदलते. काही कंपन्या अनुक्रमांक पाहतात, काही मूळ बिल मागतात. परदेशातून आणलेल्या कार्डाला भारतातील सेवा केंद्रे अनेकदा दाद देत नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी कार्डावरील अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात तपासावा. खोक्यावरचा, बिलावरचा आणि कार्डावरचा अनुक्रमांक एकच हवा.

दुकानदाराकडून घेताना ‘बिल हवे तर १८ टक्के जादा’ हे वाक्य ऐकू येतेच. ते पूर्ण खरे नाही. वापरलेल्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल, तर जीएसटी नियमांनुसार त्याला केवळ खरेदी आणि विक्री किमतीच्या फरकावर कर भरण्याची मुभा आहे. समजा त्याने कार्ड १२ हजारांना घेतले आणि १५ हजारांना विकले, तर कर तीन हजारांवर लागतो. तो साधारण ५४० रुपये होतो. पूर्ण किमतीवरचे २,७०० रुपये नव्हे. हा हिशेब ठाऊक असलेल्या ग्राहकाला बिल नाकारणे अवघड जाते.

बिलाचे महत्त्व वॉरंटीपुरते नाही. दुकानदाराने दोष लपवून कार्ड विकले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्कही नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन त्याआधीची पायरी. स्वतःच्या उपजीविकेसाठी कार्ड घेणारा व्हिडीओ संपादकही या कायद्यात ‘ग्राहक’च ठरतो. मात्र जुने कार्ड काढून टाकणारा खासगी विक्रेता सहसा ‘व्यापारी’ या व्याख्येत बसत नाही. तिथे आयोगाचे दार बंदच असते आणि जी काही खातरजमा करायची ती पैसे देण्याआधीच करावी लागते. निदान कार्डाचे नाव, अनुक्रमांक, रक्कम आणि तारीख लिहून दोघांच्या सह्यांचा कागद करावा.

ऑनलाइन व्यवहारात कोणती काळजी?

शक्यतो समोरासमोर व्यवहार करावा आणि चाचणीनंतरच पैसे द्यावेत. ‘टोकन पाठवा, चार जण रांगेत आहेत’ हा दबाव आला की थांबावे. सैन्यात असल्याचे सांगून, गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्र पाठवून विश्वास संपादन करणाऱ्या टोळ्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर अनेक वर्षे सक्रिय आहेत. कार्ड विकणाऱ्यानेही सावध राहावे : यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही.

कुरिअरशिवाय पर्याय नसेल तर विक्रेत्याकडून आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह अनुक्रमांक दिसणारे छायाचित्र आणि ताणाच्या चाचणीचा सलग व्हिडीओ मागवावा. पार्सल उघडतानाचेही एकसंध चित्रीकरण करावे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. सुरुवातीच्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

किती जुने आणि किती किमतीला घ्यावे?

चाचणीत उत्तीर्ण झालेले कार्डही घेण्याजोगे असेलच असे नाही. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेसाठी गेमचे नवे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पर्यंतच चालू ठेवले. त्यानंतर केवळ सुरक्षेपुरते अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. कुडा १३ या आवृत्तीतूनही ही कार्डे वगळली गेली. त्यामुळे मशीन लर्निंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. जीटीएक्स १६ किंवा आरटीएक्स २० मालिकेपासून पुढे पाहणे योग्य. त्यातही एआय आणि रेंडरिंगसाठी वेगाइतकीच मेमरी महत्त्वाची असल्याने आरटीएक्स ३०६० ची १२ जीबी आवृत्ती अजून मागणीत आहे.

किमतीची तुलना विक्रेत्याने २०२१ च्या टंचाईत मोजलेल्या रकमेशी करू नये. आज तेवढ्याच क्षमतेचे नवे कार्ड कितीला मिळते, तो आकडा धरावा. ढोबळ नियम असा ठेवता येईल : वॉरंटी संपली असेल तर त्या आकड्याच्या ६० टक्क्यांहून अधिक देऊ नये; बिलासह वर्षभराची वॉरंटी शिल्लक असेल तर ७०-७५ टक्के. नवे कार्ड २५ हजारांचे असताना वॉरंटी नसलेले जुने १८ हजारांना घेणे म्हणजे सात हजार वाचवण्यासाठी १८ हजार पणाला लावणे. पेस्ट, पॅड किंवा पंख्याचा खर्च पुढे येणार हेही त्यात धरावे.

मग जुने कार्ड घ्यावे की नाही?

जरूर घ्यावे. चालते कार्ड भंगारात जाण्यापेक्षा दुसऱ्याच्या संगणकात गेलेले केव्हाही चांगले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या वस्तू दुरुस्त करून विकणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली आहे. त्याचा अर्थ या व्यवसायाला सरकारने मान्यता दिली आहे. आता दुकानदारांनीही एक पाऊल पुढे यायला हवे. आज ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणून तोंडी दिले जाणारे दोन-चार दिवस बिलावर, अनुक्रमांकासह लिहून दिले तर प्रामाणिक दुकानदाराचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते तापवून जिवंत केलेले कार्ड विकणाऱ्याचे.

तोपर्यंत जबाबदारी ग्राहकावरच आहे. भाजी घेताना मेथीची जुडी उलटून पाहणारे घर पंधरा हजारांचे कार्ड तपासायला संकोचते, कारण समोरचा अधिक जाणकार वाटतो. तो संकोच सोडावा. चाचणी मागितल्यावर चांगला विक्रेता स्वतःच संगणक सुरू करतो. जो चिडतो, घाई करतो किंवा ‘डिस्प्ले येतो ना’ म्हणतो, त्याच्याकडून न घेतलेल्या कार्डाचे पैसे तरी खिशात राहतात.